वाकडं बोट

नाहूरच्या त्या शाळेत मुख्याध्यापकांचे नियम भिंतीवर होते आणि शिपाई गुणाजीमामांचा एकच नियम बागेत होता. कोवळ्या फळाकडे सरळ बोट करायचं नाही. दाखवायचंच तर बोट दुमडून. "बोट दाखवू नको, कुसतलो तो," म्हणजे कुजेल, असं मामा म्हणायचे, आणि पाचवीची पोरं बोटं आकडीसारखी वाकवून वेलावरचे भोपळे मोजायची.

विज्ञानाच्या श्वेताबाई नव्याने आल्या तेव्हा त्यांना हसू आवरेना. सरळ बोटाने तूप निघत नाही हे ऐकलं होतं, भोपळाही धरत नाही हे नवीनच, असं त्या म्हणाल्या. मामांनी मनावर घेतलं नाही. शिपाई माणसाने कुणाकुणाचं मनावर घ्यायचं? मुतारीमागे राडारोडा पडलेला होता. तिथले दगड त्यांनी पोरांकडून वेचून घेतले, घरोघरची भाजीची सालं मागवून खत केलं, आणि तीन वर्षांत दुधी, वाल, लाल भोपळा उभा केला. बागेतला भोपळा शाळेच्या खिचडीत पडला की मामा जिन्यावर बसून पोरांना जेवताना बघत. बायको गेल्यापासून त्यांना एवढंच सुख होतं, आणि ते पुरत होतं.

आता मामांचं स्वतःचं बोट. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, मुळापासून नव्हतं. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसखाली गेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच मामांच्या हाताला भोपळे धरतात, असं पोरं म्हणत. त्याआधीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. सात वर्षांचा गुणाजी कणकवलीकडच्या घरात एकदा माणसं मोजत होता. आजी, आई, बाबा, दादा, आपण, आणि सहावी पाळण्यातली शकु. त्याने तिच्यावर बोट सरळ धरलं. तिसऱ्या दिवशी शकु तापाने गेली. आई नुसती त्या बोटाकडे बघत राहिली. पुढे प्रेसखाली बोट गेलं तेव्हा कळ यायच्या आधी मामांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात, मधल्या सुट्टीनंतर, मोठा वेल बुंध्याशी मोडलेला सापडला. त्यावर सात भोपळे होते. पाय कुणी दिला, असं श्वेताबाईंनी विचारलं. मामांनी पाहिलं होतं. मनाली, किडकिडीत, यंदाच शाळेत आलेली, पानाचं चित्र काढता काढता मागे सरली होती. चूक जाणूनबुजून नव्हती. पण सात भोपळे जाणार म्हटल्यावर मामांचं डोकं फिरलं, आणि वाफ्याच्या या टोकावरून त्यांनी उजवा हात ताणला.

"हिने."

भान येताच त्यांनी हात खाली ओढला. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, बोटच नाही तर दाखवलं कशाने?

दुसऱ्या दिवशी मनाली आली नाही. ताप आहे, हवाच तशी आहे, असं बाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तिची जागा रिकामी. त्या दिवशी मामा शाळा सुटल्याची घंटा द्यायला विसरले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी मनाली आली, जरा ओढलेली, पण हसत. मामांना रडूच फुटायचं बाकी होतं. बागेत चल बाय, आपण दोघं मिळून नवा वेल लावू, असं ते म्हणाले. ती दोन पावलं मागे सरली.

"मामा, त्या दिवशी मला बोट का टोचलंत? कसलं गार होतं." तिने खांदा चोळला.

मी तर वाफ्याच्या पलीकडे होतो गं, मामा कसेबसे म्हणाले.

"हो ना, तुम्ही लांबच होतात," मनाली म्हणाली. "बोट जवळ होतं."

त्याच दिवशी मामांनी बागेच्या फाटकाची चावी श्वेताबाईंच्या टेबलावर ठेवली. काय झालं मामा, असं बाईंनी विचारलं तोवर ते दाराबाहेर होते. खिचडीच्या वेळी ते अजून जिन्यावर बसतात. पोरांकडे बघत नाहीत. उजवा हात मांडीखाली दाबून धरतात, ताटं उचलली जाईपर्यंत.