नानांचे कान आणि फोनचं कुलूप

उभ्या नगर जिल्ह्यात आमच्या चुलत सासऱ्यांइतका सावध माणूस दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका बहिराही नसेल. या दोन्ही गोष्टी त्यांनी नागापूरच्या एमआयडीसीत कमावल्या. तिथल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांचा जन्म गेला. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा पेडल, पुन्हा धाड. कानात घालायला बोळे मिळायचे, पण नानांनी ते कधी घातले नाहीत. “बोळे घातल्यावर मशीन काय म्हनतंय ते कसं कळनार?” असा त्यांचा सवाल. निवृत्त होईपर्यंत मशीनचं सगळं म्हणणं त्यांना कळलं आणि माणसांचं ऐकू येणं बंद झालं. सावधपणाही तिथलाच. नवी डाय, म्हणजे साचा, चढवला की आधी एकच पीस काढायचा, मापं घ्यायची, आणि पास झाला तरच पुढचा माल. त्याला म्हणायचं ट्रायल. निवृत्तीच्या दिवशी नाना शाल-नारळ आणि ही ट्रायल असं सगळं घेऊन भिंगारला घरी आले. चप्पल घ्यायची तर दुकानातली चप्पल पायात चढवून बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन येणार. दुकानदार मागून हाका मारतोय, पण ऐकतंय कोण! छत्री घेताना दुकानदारालाच तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायला लावलं होतं. माझीसुद्धा ट्रायल झालेली आहे. मला बघायला मंडळी आली, मी चहा दिला, सगळ्यांनी छान म्हटलं आणि नाना म्हणाले, “आता आजून एकदा करा. पहिला कप नशिबानं बी चांगला हुतो.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रागारागात केलेला दुसरा चहा पहिल्यापेक्षा चांगला झाला, आणि बैठकीतून “माल पास!” अशी आरोळी स्वयंपाकघरापर्यंत आली.

ऐकू येत नाही हे मात्र नानांनी कधी कबूल केलं नाही. समोरचा काहीही बोलो, त्यावर “व्हय व्हय, बरं बरं” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा गल्लीतल्या कुणी लग्नाच्या जेवणावळीला आमची गच्ची मागितली, नाना ‘व्हय व्हय’ म्हणून बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाला बांबू घेऊन आमच्या गच्चीवर चढला. पापड वाळत घालत होते ती मला खाली यावं लागलं आणि आठवडाभर आमच्या डोक्यावर आचारी नांदले. आमच्या ह्यांनी हौसेनं श्रवणयंत्र आणलं. ते नानांनी दोन-चार दिवस घातलं आणि काढून ठेवलं. “भांड्यांचा आवाज येतो, मानसांचा न्हाई,” म्हणाले. त्यात फोन जवळ नेला की ते कुकरसारखी शिट्टी मारायचं. आणि फोन हीच तर त्यांची खरी अडचण होती.

दर रविवारी सकाळी राजूरजवळच्या खेड्यातून आक्कांचा फोन यायचा. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आईच्या माघारी त्यांनीच नानांना वाढवलं, आणि लग्न होऊन डोंगरात गेल्या त्या तिथल्याच झाल्या. गेली काही वर्षं त्यांचे यजमान, म्हणजे नानांचे दाजी, अर्धं अंग गेल्यानं अंथरुणावर होते. त्यामुळे आक्कांना घर सोडून कुठं येता येत नव्हतं. बहीण-भावांत उरला होता तो एवढा फोन. त्या भरभरून बोलायच्या, आणि नाना फोन कानावर दाबून “व्हय व्हय” करत बसायचे. फोन ठेवल्यावर मी विचारायची, “काय म्हणाल्या आक्का?” उत्तर एकच, “बरं हाय म्हनली.” एका रविवारी मात्र ते फोनकडं बघत राहिले आणि म्हणाले, “सूनबाई, खरं सांगू का, नुसती गुनगुन येती. मला आता आक्काचा आवाजच आठवंना झालाय.” एरवी मी त्यांची टर उडवते, त्या दिवशी मात्र त्यांचा फोन माझ्या पिशवीत टाकला.

मी त्यांना भिंगारच्या बाजारात रफिककडे घेऊन गेले. रफिक आमच्या ह्यांच्या वर्गातला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं आधी हेडफोन लावून दिला. आवाज वाढवायला गेलं की फोन पाटी दाखवायचा, ‘जास्त आवाजामुळे कानांना इजा होऊ शकते.’ नानांनी ती पाटी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “आता इजा व्हायला राह्यलंय काय, ते ह्याला इचार!” मग मी गोल स्पीकर सुचवला, तर भडकलेच. “आक्काचं बोलनं काय यष्टी स्टँडवर लावायचं हाय?” शेवटी रफिक म्हणाला, “एक उपाय आहे नाना, पण नीट ऐकून घ्या.” नीट ऐकून घ्यायचं म्हणजे त्यानं ओरडायचं, आणि अख्ख्या बाजारानं ऐकायचं. तर बाजारानं ऐकलं ते असं, की फोनच्या आत कंपनीचं कुलूप असतं आणि आवाज कंपनी वाढू देईल तेवढाच वाढतो. ते कुलूप उघडलं की फोनचे खरे मालक आपण; आवाज वाढवा, कंपनीनं भरलेली नको ती अ‍ॅप काढून टाका. “पण नाना, उघडताना आतलं सगळं पुसलं जातं. गॅरंटी गेली. बँकेचं अ‍ॅप चालेल न चालेल. चोरट्यांना आत शिरायला वाट सोपी. स्पीकर फाटू शकतो. आणि मध्येच काही बिनसलं तर फोनची वीट होते, वीट!”

यावर बाजारात दोन तट पडले. छावणीतले एक निवृत्त हवालदार म्हणाले, कुलूप लावलंय तर त्याला काही कारण असेल, हात लावू नका. समोरची भाजीवाली म्हणाली, “आपल्या पैशानं घेतलाय ना? मंग आपल्याच घरात आपल्याला कुलूप कशाला?” नानांना दोघांचं पटलं, म्हणजे दोघांनाही त्यांनी ‘व्हय व्हय’ केलं, आणि मग रफिकला विचारलं, “ट्रायल?” रफिक म्हणाला, याला ट्रायल नसते. नानांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाटात जुना फोन पडून होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांनी तो फोन रफिकच्या टेबलावर खरोखरच वीट होऊन पडला. बटण दाबा, चार्जर लावा, ढिम्म! “पहिला पीस स्क्रॅपच जातो, सूनबाई,” नाना मला समजावत होते, “त्याचं काय चुकलं ते रफिकला कळलं, हे लई झालं.” काय बोलणार, कप्पाळ!

तरीही ते लगेच तयार झाले नाहीत. गल्लीत भेटेल त्याला थांबवून फायदे-तोटे विचारत फिरले. सगळ्यांत मोठी भीती एकच: फोन मेला आणि नवा घेऊन तो सुरू होईपर्यंत रविवार चुकला तर? आक्कांनी फोन लावायचा आणि तो लागायचा नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी एका सोमवारी सकाळी उठून म्हणाले, “आवाजच येत न्हाई तर तो फोन असून तरी काय? उघड म्हनावं.” सोमवार का, तर पुढचा रविवार लांब. रफिकनं फोनमधले फोटो दुसरीकडं उतरवून ठेवले, फोन संगणकाला जोडला. फोन काळा पडला तेव्हा नाना दुकानाबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो उजळला. रफिकनं तो नानांच्या हातात दिला, दुकानाच्या आतल्या टोकाला जाऊन स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “नाना, येतंय का ऐकू?” नानांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं, मग लांब उभ्या रफिककडं बघितलं. “रफिक, तुझा आवाज असा हाय व्हय?” रफिक शाळेत होता तेव्हापासून ते त्याला ओळखतात.

रविवारी नाना अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीजवळ बसले. आक्कांना आधी काही कळवायचं नाही, फोन उचलल्या उचलल्या सांगायचं, असं ठरलेलं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. फोन वाजला. “आक्का, आता मला...” एवढंच ते म्हणाले, कारण आक्का कधी कुणाचं ऐकून घ्यायला थांबत नाहीत. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि नानांच्या कानाशी धरलेल्या फोनमधून प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत येत होता.

“राहू दे, तू नको बोलू नाना. तुला ऐकू येत न्हाई, मला ठावं हाय रे. म्हनून तर तुझ्याशी बोलते. काल रातीला पुन्यांदा समदं काढलं, धुतलं. लोकं म्हनत्यात, अशी बायको मिळाया पुन्य लागतं. मला मेलीला लाज वाटती. माझ्या मनात काय येतं कुनाला ठावं? वाटतं, सुटावा आता हा मानूस. त्यो सुटावा, न्हाईतर मी सुटावी. देवापुढं बी बोलाया भ्या वाटतं. तुझ्यापुढं बोलते, तू आपला व्हय व्हय म्हनतोस, मग आठवडा जातो.”

नानांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आता सांगतील, मग सांगतील, म्हणून मी हातातली जुडी तशीच धरून उभी. त्यांनी तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा माणूस म्हणत होता, “व्हय व्हय. बरं बरं.”

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, “सूनबाई, तू काय ऐकलं?” मी म्हटलं, “मेथी निवडत होते नाना.” त्यांना ते ऐकू गेलं नाही, पण मी ‘काही नाही’ अशी मान हलवली ती समजली, आणि ती खोटी आहे हेही. “कोनाला बोलू नको. आक्काला तर मुळीच न्हाई. ती एवढं सांगत हुती, आन् मी नुसता व्हय व्हय म्हनत हुतो गं.” त्याच आठवड्यात गुडघ्याला डोंगरातली हवा मानवते असं सांगून नाना राजूरला गेले. दुखऱ्या गुडघ्याला डोंगरातली गार हवा! गल्ली हसली. तिथं त्यांनी दाजींना अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं सगळं आपल्याकडं घेतलं आणि आक्कांना लेकीकडं धाडून दिलं. पुढं अधूनमधून असे ते जातच राहिले. रविवारचे फोन चालूच होते. आक्का बोलायच्या, नाना शब्दन्‌शब्द ऐकायचे आणि पूर्वीसारखंच ‘व्हय व्हय’ म्हणायचे. आपण माणसांना बावळट समजतो, पण एवढं ऐकून एवढं गप्प राहणं मला जमलं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर दाजी गेले. नाना तेराव्यापर्यंत राहून परत आले, आणि नंतरच्या रविवारी फोन वाजला. आक्का आधी बराच वेळ रडत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या तोंडानं गेला रे नाना. मी बोलले म्हनून गेला. मीच मारलं त्याला.” एवढं बोलून त्या थांबल्या. इथं नेहमी नाना ‘व्हय व्हय’ म्हणायचे. सवयीनं म्हणतील की काय!

“न्हाई,” नाना म्हणाले. “न्हाई आक्का. मला ऐकू येतंय. फोन उघडून घेतलाय मी, लई दिवस झाले. तू बोललीस ते समदं ऐकलंय. आन् तू त्याचं काय काय केलंस ते बी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय. दमलेला मानूस बोलतो. बोलन्यानं कोनी मरत न्हाई. तुझं काय बी चुकलेलं न्हाई.”

पलीकडून बारीक आवाज आला, “समदं ऐकलंस?”

“समदं.”

फोन बंद झाला.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. फोन यायचा, पण आक्का परक्यासारखं बोलायच्या. जेवलास का, गुडघा कसा हाय, इकडं गारठा पडलाय, ठेवते. मिनिटभरात संपायचं. नाना रफिककडं जाऊन कुलूप परत लावता येतं का, विचारून आले. “लावता येतं की नाना, पण का?” रफिकनं विचारलं. फोन खिशात घालून नाना परत आले. इतका खटाटोप करून त्यांनी बहिणीचा आवाज मिळवला होता, आणि आता बहीण बोलत नव्हती. मला त्या फोनचा, कुलपाचा, सगळ्याचाच राग यायचा. एकदा तर वाटलं, मीच राजूरला फोन करून आक्कांना चार शब्द सुनावावेत. मग वाटलं, आपण कोण? माझ्या मनातलं कुणी असं ऐकलं असतं तर मी तरी बोलले असते का!

परवाच्या रविवारी पुन्हा तेच झालं. जेवण झालं, गुडघा झाला, गारठा झाला. ‘ठेवते’ यायची वेळ झाली आणि ते आलं नाही. नानांनीही फोन कानावरून काढला नाही. मग आक्का म्हणाल्या, “नाना, ऐकतोस ना?”

“ऐकतोय आक्का.”

“घर लई मोठं वाटतंय रे. रातीला उठते, अन् करायला कायच नसतं...”

मी गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिथंही आक्कांचा आवाज येत होता. मग मी चप्पल पायात घातली आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागले.