न रडणारे कथील

कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की ती बारीक आवाजात रडते. नंदुरबारच्या हबीब कल्हईवाल्याला त्याच्या बापाने, जब्बारने, ही खूण अक्षरओळखीच्याही आधी शिकवली होती. "खरं कथील रडस, बेटा. शिसं गुमान वाकस."

१९४३ साली हबीब पंचेचाळिशीचा होता. लढाईमुळे समुद्रापलीकडचे कथील येईनासे झाले होते आणि सुरतेकडून मिळणाऱ्या कांड्या वाकताना मुक्या राहत. त्यांत शिसे मिसळलेले आहे, हे हबीबला पहिल्याच दिवशी उमगले. भांडी पांढरी तर होतात, थोड्याशा शिशाने काय बिघडते, अशी त्याने मनाची समजूत घातली.

त्याच सुमारास त्याचे पोट दुखू लागले. त्याला दुखणे म्हणावे की नाही, इतके ते सौम्य होते. बेंबीभोवती हळूच एक पीळ पडे, घटकाभर रेंगाळे आणि सकाळच्या धुक्यासारखा विरून जाई. मग तीन-चार दिवस काहीच नसे. तोंडात मात्र एक फिकी, गोडसर चव कायम राही.

कारणे सांगणाऱ्यांची वाण नव्हती. भट्टीचा भाता ओढता ओढता त्याची बायको चांदबी म्हणे, "अजी, ठेचा कमी खावा. आख्खं गाव मिरचीनं लाल शे, तुम्ही पोट कसाले लाल करतस?" बहीण बिस्मिल्लाच्या मते बेंबी सरकली होती, तिने पोटावर तेल लावून तांब्या उपडा घातला. दवाखान्यातल्या कंपाउंडरने पोट साफ होत नाही एवढे ऐकले आणि एरंडेल दिले. प्रत्येक उपायाने दोन दिवस बरे वाटे. पण दुखणे मुळातच येऊन-जाऊन असल्याने तो गुण कोणाचा, हे ठरवता येत नव्हते. म्हणून ज्या दिवशी पोट दुखे, त्या दिवशी हबीब भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढू लागला.

रमजानचा महिना लागला आणि पंधरा दिवसांत रेघा थांबल्या.

"रोजानी बरकत शे," चांदबी म्हणाली.

हबीबने मान डोलावली; पण त्याचे मन कुठेतरी अडखळले. इफ्तारीनंतर तो ठेचा रोजच खात होता. मग बदलले काय होते? कल्हई करताना एका हातात भांडे धरलेली सांडशी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा, म्हणून कथिलाची कांडी दातांत धरायची, ही त्याच्या बापाची आणि आजाची रीत. रोजा असताना तोंडात काही घालायचे नसते, म्हणून महिनाभर काम करताना तो कांडी फरशीवर ठेवी आणि लागेल तेव्हाच उचले.

तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. रमजानात जेवणाच्या वेळाही बदलतात, झोपही बदलते. ईद झाल्यावर त्याने ठेचा चालू ठेवला, कांडी मात्र वीस दिवस दातांत धरली नाही. भिंत कोरी राहिली. मग कांडी पुन्हा दातांत घेतली. दुसऱ्या आठवड्यात रेघ उमटली.

त्या दुपारी नवसागराचा पांढरा धूर भट्टीवर तरंगत होता आणि त्याच्या उबेत हबीबचा डोळा लागला. एका अफाट पातेल्याच्या तळाशी चांदण्यासारखी कल्हई पसरली होती. तिच्यावर बाप बसला होता. तो एकेक कांडी वाकवी, कानाशी नेई आणि बाजूला ठेवी. एकही रडत नव्हती. शेवटी तो उठला, हबीबच्या पोटाला कान लावून म्हणाला, "आवाज आठे शे."

हबीब जागा झाला तेव्हा त्याला स्वतःचे पोट आठवले नाही. त्याला धानोऱ्याच्या दोधू पाटलांची सून, निर्मलाबाई आठवली. तिच्या घरच्या भांड्यांना वर्षभर तोच कल्हई करत होता. पोळ्याला ती म्हणाली होती, "हबीबभो, कढी खादी का पोटमा पीळ पडस." तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आंबट कमी खा, बाई."

दुसऱ्या दिवशी त्याने कोनाड्यातली बापाची शेवटची कांडी काढली. चांदबीने ती निशाणी म्हणून फडक्यात जपली होती.

"ही पन?" तिने विचारले.

"हीच," तो म्हणाला. चांदबीने फडक्याची गाठ सोडून दिली आणि भाता उचलून त्याच्याबरोबर निघाली.

धानोऱ्यात निर्मलाबाई ओट्यावर होती. "आते कसाले? पोयाले तं कल्हई करी दिधी ना!"

"ती कल्हई नही, बाई. तिनामा शिसं व्हतं. माले माहीत व्हतं."

ती ओट्यावरून उठली. "माहीत व्हतं? मन्ही सासू वरीसभर म्हनी ऱ्हायनी, सून कामनी चोर, पोटनं सोंग करस. आनि तुले माहीत व्हतं!"

"हां."

तिने एकेक भांडे आतून आणून त्याच्यापुढे आदळले. "काढ. मन्हा डोयासमोर काढ."

निंबाखाली भट्टी पेटली. तापलेल्या पातेल्यांतून जुना मुलामा वितळला आणि हबीबने तो पुसून काढला. बापाची कांडी जेमतेम दोन भांड्यांपुरती होती: ताकाची चरवी आणि कढीचे पातेले.

"बाकीनामा आंबट ठेवू नका. मडकं वापरा," तो म्हणाला.

"आनि तरी दुखनं तं?"

"तं कारन दुसरं शे. दवाखानामा जा. मन्हा हातनं कारन तेवढं आज मिटनं."

त्याने कांडी तिच्या कानाजवळ नेऊन वाकवली. निर्मलाबाईच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली. "बारीक पोरनागत रडस व," ती चांदबीला म्हणाली.

कांडी सांडशीत धरून हबीबने चरवीत फिरवली. धूर ओट्यावर चढला, तशी आतून सासू ओरडली, "काय जाळी ऱ्हायनात आठे?"

"मन्हा पोटनं सोंग उतरी ऱ्हायनं, आत्याबाई!" निर्मलाबाईने मोठ्याने उत्तर दिले, आणि कढीचे पातेले हबीबकडे सरकवले.