तांबडीची ए बाजू

नव्वदच्या दशकात परंड्यात ज्याचं प्रेम जमलं आणि ज्याचं मोडलं, त्या दोघांनीही महारुद्रकडूनच कॅसेट भरून नेली होती. एसटी स्टँडसमोर त्याची पत्र्याची टपरी. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा काठी टाकून टेपरेकॉर्डरच्या नादी लागला, तेव्हा भावकीनं त्याला सरळ वेड्यात काढलं होतं. इंग्रजी त्याला ओ की ठो कळायचं नाही. पण गिटार कुठं खरंच रडते आणि कुठं नुसती सोंग करते, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

अल्बमची नावं वाचायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. कव्हर बघायचं आणि बारसं उरकायचं. 'घोडेवाली' म्हणजे विलायती रॉकची; तिच्यातल्या ड्रमनं टपरीचा पत्रा थरथरायचा. 'गॉगलवाली' हिंदी पॉपची. ती पोरी न्यायच्या, तेही "मामेभावाला पायजे" असं सांगून. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर 'तांबडी'. पुण्याच्या चार पोरांचा बँड, लालभडक कव्हर. "तांबडी लावली की मानूस उसाचं पानी इसरतं," असं महारुद्र छाती फुगवून सांगायचा. गॉगलवाली तांबडीपेक्षा चांगली, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला चहा मिळत नसे.

आता त्या टपरीत मोबाइलची कव्हरं लटकतात. परवा त्याचा मुलगा, प्रेम, कॅसेटांचं खोकं भंगारात द्यायला निघाला. "आप्पा, आता ह्यांला कुत्रं बी इचारत न्हाय," म्हणाला. पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. उभ्या गावाला आपण जे ऐकवलं ते गावाच्या कानातून कधीच वाहून गेलं, या विचारानं महारुद्रचं जेवण कमी झालं. एकानं जरी "आठवतंय" म्हटलं असतं तरी त्याचं पोट भरलं असतं.

त्यात मुलीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलं. नवरदेव कुर्डुवाडीचा युवराज. परण्यात, म्हणजे मांडवाकडं येणाऱ्या नवरदेवाच्या मिरवणुकीत, तांबडी वाजावी, असं महारुद्रच्या मनात आलं. पण परण्या नवरदेवाचा, डीजे नवरदेवाचा. मुलीच्या बापानं मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहायचं. गाणी सांगायची नाहीत.

बायको म्हाळसाबाईनं तर त्याचं तोंडच बंद केलं. "येड्यावानी करू नका. पोरीचा बाप नाचरा हाय, म्हन्तील व्याही."

प्रतीक्षानं ते ऐकलं आणि फोनवर युवराजच्या कानात काय सांगायचं ते सांगितलं.

लग्नादिवशी मारुतीचं दर्शन घेऊन परण्या मांडवाकडं निघाला. पाहुण्यांना घेऊन येतो, या बहाण्यानं महारुद्र स्टँडपर्यंत आला होता. कुर्डुवाडीची पोरं आजकालच्या गाण्यांवर उड्या मारत होती आणि परंड्याची पन्नाशीतली मंडळी कडेला पान चघळत उभी होती. युवराजनं घोडीवरून हात केला. गाणं बदललं. तांबडीतली ती गिटार!

महारुद्र गर्दीच्या मागं सरकला. हौस तर पुरी झाली, पण कुणी जागचं हललंच नाही तर? मग प्रेम म्हणाला तेच खरं.

किराणा दुकानदार शंभुलिंगनं पान थुंकलं. "आरं, तांबडी!" असं ओरडून तो पोटासकट गर्दीत शिरला. त्याच्यामागं एसटीचे ड्रायव्हर, त्यांच्यामागं शाळेचे गुरुजी. बघता बघता निम्मं स्टँड रस्त्यावर आलं. एकेक ठेका त्यांना पाठ होता. अन् गाणं रंगात आलं असताना ही सगळी फौज एकदम थांबली. सगळ्यांनी हात वर करून पंजे उलटे केले आणि एका सुरात आरोळी ठोकली, "पलटी!"

घोडेवाल्याला वाटलं, हुकूम आला. त्यानं घोडी गर्रकन फिरवली. नवरदेवाची पाठ मांडवाकडं! कुर्डुवाडीकर आ वासून बघत राहिले.

गोष्ट अशी, की तांबडीची ए बाजू होती लांब आणि महारुद्रच्या कोऱ्या कॅसेटा साठ मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला तीसच. शेवटचं, हेच गाणं मधेच तुटायचं, टेपचं बटण खट्‌कन उडायचं, आणि पोरं "पलटी!" म्हणून बाजू बदलायची. परंड्याच्या लेखी ते गाणं तिथंच संपत होतं.

स्पीकरला हे काय माहीत? गाणं पुढं चाललं. वर गेलेले हात वरच राहिले आणि मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. पुढचं गावात एकालाच येत होतं, कारण अस्सल कॅसेट एकट्याकडंच होती.

महारुद्र व्याह्यांना विसरला, सुटलेला फेटा विसरला. गर्दीत घुसून खड्या आवाजात पुढचं कडवं गाऊ लागला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तो एक ओळ म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे.

तेवढ्यात मांडवातून प्रेम पळत आला. "आप्पा, आई म्हन्ती मुहूर्त टळंल!"

उत्तर शंभुलिंगनं दिलं, धापा टाकत. "वैनीला सांग, तीस वर्सं अर्धंच ऐकलंय आमी. आज पुरं ऐकू द्या."

व्याह्यांनी घोडेवाल्याला थांबवलं आणि डीजेवाल्याला म्हणाले, "पहिल्यापासून लाव."