व्हय म्हणणारी गिटार

मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. दुकानात मशीनवर असताना तो हलायचाच, पण चहा पिताना, एसटीची वाट बघताना, एवढंच काय कुणाच्या बाराव्याला पानावर बसलेले असतानाही त्यांचा चवडा मांडीखाली वर-खाली होत असे. कट्टा गावच्या प्राथमिक शाळेत मी शिकवायचे, म्हणजे खरी मास्तरीण मी. पण बाजारात ‘मास्तर’ म्हटलं की लोक बिनदिक्कत टेलरच्या दुकानाकडे बोट दाखवत.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे दक्षिण कोकणात प्रत्येक मोठ्या गावात एक ऑर्केस्ट्रा निघाला होता, तसा आमचाही होता. मी गायचे आणि मास्तर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. लग्न न झालेली शिक्षिका स्टेजवर गाते म्हणून माझ्याबद्दल कुजबुज होती. चाळिशी ओलांडलेला टेलर दिवसभर पोलकी शिवून संध्याकाळी गिटार गळ्यात घालतो म्हणून त्यांच्याबद्दल उघड बोललं जायचं. मास्तरांना दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं. “तुझा मोजमाप माका मायत आसा, लोकांका नाय,” असं ते मला म्हणत, आणि मी निमूटपणे पुढचं गाणं बसवायला घेई.

एकदा ते मला आणि आमच्या तबलजीला घेऊन म्हापशाला गेले. तिथल्या एका तारवट्याने, म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्या माणसाने, परदेशातून आणलेल्या जुन्या वाद्यांचं दुकान थाटलं होतं. मास्तरांना वा-वा पेडल हवं होतं. पायाखाली ठेवायचं लोखंडी खोकं, वर हलती पट्टी. गिटारची वायर त्यातून जाते. टाच दाबली की आवाज घुसमटतो आणि चवडा दाबला की मोकळा होतो. दुकानात अशी तीन पेडलं होती. मास्तरांनी चप्पल काढली आणि अनवाणी पायाने तिन्ही चालवून बघितली. पहिलं इतकं सैल होतं की पाय सोडला तिथे पट्टी थांबेना. दुसरं नवंकोरं, चकचकीत. तबलजी त्याच्या प्रेमातच पडला. पण त्याचा सगळा आवाज शेवटच्या अर्ध्या इंचात बदलायचा. “हेच्यात मधलो सूरच नाय गो,” मास्तर म्हणाले. तिसऱ्याचा रंग उडालेला आणि ते हलवताना खरखरायचं, तरी टाचेपासून चवड्यापर्यंत प्रत्येक जागी त्याचा आवाज वेगळा होता. मास्तरांनी तेच घेतलं. दुकानदाराने चकचकीत का नको असं विचारलं, तेव्हा म्हणाले, “पायाक जा कळता ता कानाक मागसून कळता.”

मात्र घरी आल्यावर त्यांनी शिंप्यानेच करावी अशी चूक केली. खरखर जावी म्हणून पेडलमध्ये मशीनचं तेल घातलं. दुकानातली सुताची तुसं आत जाऊन तेलाला चिकटली आणि पेडल खोकल्यासारखं वाजू लागलं. शेवटी कुडाळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते उघडून स्पिरिटने पुसून दिलं, आणि मास्तरांना बरंच ऐकवलं. तेवढं एकदाच मी मास्तरांना मान खाली घालून ऐकताना पाहिलं.

त्यांचा नियम असा की पेडल दर ठोक्याला हलवायचं नाही. “पाय तालार नाय टाकूचो, शब्दार टाकूचो,” असं ते सांगत. माझी ओळ संपली की ते त्याच ओळीचं शेपूट गिटारीवर धरत आणि टाचेवरून चवड्यावर सावकाश जात. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा ते थांबले, पुन्हा वाजवलं आणि म्हणाले, “आयकलंस? वा वा नाय, व्हय म्हणता ती. मालवणी गिटार आसा.” खरंच, स्वच्छ ‘व्हय’ ऐकू यायचं. मी चेष्टेने म्हटलं की आता तिला ‘नाय’ म्हणायला शिकवा. मास्तरांनी दोन दिवस खटपट केली. मग हात टेकून म्हणाले, “हिका नाय म्हणाक येणा नाय. ता माका म्हणाक लागतला.”

आणि वाजवण्याआधी ते एक गोष्ट कधीच विसरत नसत. वाकून पेडलला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, आणि मगच पाय ठेवायचा. सकाळी अंथरुणातून उठताना आपण भुईला हात लावतो तसंच. “आधी हात, मगे पाय,” असं ते म्हणत.

गावच्या देवळाच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम ठरला. मास्तरांच्या घरी तीन पिढ्यांपासून पालखीवरचं झालरीचं छत शिवायचा मान होता. दरवर्षी तांबडं कापड आणायचं, उपास करून शिवायचं आणि मोबदला म्हणून फक्त नारळ घ्यायचा. सबंध वर्षात मास्तरांना अभिमान होता तो या एका कामाचा.

दुपारी आम्ही सभामंडपात सामान मांडत होतो. देवस्थानचे अध्यक्ष आले आणि पेडलकडे बघून एकदम कचेरीतल्या भाषेत बोलू लागले. “वाद्य म्हणजे सरस्वती. देवासमोर तिला पाय लावलेला आम्ही खपवून घेणार नाही. ते टेबलावर ठेवा आणि हाताने दाबा.”

“मगे गिटार काय पायान वाजवू?” मास्तरांनी विचारलं.

आमच्यानंतर दशावतार होता, म्हणून त्या कंपनीचे पेटीवाले बुवा कोपऱ्यात आपली पायपेटी लावत बसले होते. दोन्ही हात सुरांवर मोकळे राहावेत म्हणून पायपेटीचा भाता पायानेच मारतात. बुवा सत्तरीचे, आयुष्य याच मंडपांमधून गेलेलं. ते तिथूनच म्हणाले, “माझो पाय पेटीर आसा तो देवाक चलता, तर तेचो कित्याक चलणा नाय? तेका उतरवतास तर माकाय उतरवा.”

अध्यक्ष गडबडले. पेटीचं वेगळं, ती परंपरेची, असं काहीतरी ते म्हणाले.

“परंपरा म्हणजे काय ओ, जुनो पाय?” मास्तर म्हणाले.

पेटीशिवाय दशावतार उभा राहत नाही, हे अध्यक्षांना ठाऊक होतं. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. वाजवायचं तर वाजवा म्हणाले, पण उद्यापासून छताचा मान तुमच्या घरात राहणार नाही. मला वाटलं आता मास्तर गिटार खोळीत घालतील, आणि खरं सांगते, त्यांनी घातली असती तर मला हायसं वाटलं असतं. मास्तरांनी गाभाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “संध्याकाळी तयार रव,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी माझी पहिली ओळ संपली. मास्तर वाकले, पेडलला हात लावला, कपाळाला लावला आणि पाय ठेवला. गिटार म्हणाली, व्हय. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हातारी “व्हय ता” म्हणाली आणि सगळा मंडप हसला. त्या दिवसासारखी मी पुन्हा कधी गायले नाही.

पुढच्या वर्षी छत बाहेरून शिवून आलं. पालखी बाजारातून निघाली तेव्हा मी मास्तरांच्या दुकानातच होते. ते उठून उभे राहिले, हात जोडले. पालखी पुढे गेल्यावर म्हणाले, “झालर वाकडी लागली आसा.” ते मशीनवर बसले, पण पाय हलेना. पंधरा मिनिटं तरी तो पाय तसाच पट्टीवर पडून होता. मला रडू आलं, आणि त्या अध्यक्षांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

काही वर्षांनी देवस्थानचा निरोप आला की देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करा, मान परत घ्या. मास्तर म्हणाले, “नारळ ठेवतंय. देवाचो माझो वाद नाय. पण चूक केलंयच नाय, ती खंयसून आणू?” त्यांनी नारळ ठेवला. मान आला नाही.

मास्तर गेले तेव्हा मी बदलीच्या गावी होते. दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेले, तर मास्तरांच्या बायकोने, काकींनी, मला पेडल दिलं. ते एका तांबड्या पिशवीत होतं, आणि पिशवीच्या तोंडाला सरळ, एकसारखी झालर होती. न शिवलेल्या छतासाठी आगाऊ आणलेलं कापड होतं ते.

परवा देवस्थानच्या नवीन समितीची मुलं माझ्याकडे आली. चांगली, आदराने बोलणारी मुलं. सभामंडपात काचेचं कपाट केलंय, जुन्या कलाकारांच्या वस्तू ठेवायच्या आहेत, मास्तरांचं पेडल द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं की तिथे कुणाला त्यावर पाय ठेवता येईल का? काचेत असेल ना बाई, हार घालू आपण, असं त्या मुलांतला एकजण म्हणाला.

मी पिशवी काढली. पेडल जमिनीवर ठेवलं, हात लावला, कपाळाला लावला आणि पाय ठेवला. गिटार जोडलेली नसली तरी त्याला व्हयच म्हणायचं होतं, ते माझ्या पायाला कळलं. नाय ते मला म्हणावं लागलं.