दुर्पताची गूळतुला

गोठणगाव मागे पडलं तसं दुर्पतानं चपला काढून पिशवीत टाकल्या. सोबत चालणारी रश्मी तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता मराठीची शिक्षिका. ती म्हणाली, "नवस सासऱ्याचा, अन् पाय काऊन तुझे?"

"मामाजी जीपनं येऊन राहिले. गुडघे धरले त्यायचे. नवस बोलताना मले विचारलं होतं का? आदेश आल्यावर सांगितलं."

नवस असा, की सून नोकरीत कायम झाली तर प्रतापगडच्या महादेवाला तिच्या वजनाइतका गूळ. सासऱ्यांनी, केवळरामांनी, तो मनातच बोलून ठेवला होता, आणि तोंडानं मात्र तिच्या पदवीला इतकी वर्षं नावं ठेवली होती.

त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. विशेष शिक्षणाच्या बी.एड.ची दोन वर्षांची फी ऐंशी हजार. नागपूरची खोली, खानावळ, जाणंयेणं मिळून आणखी सत्तर. शिवाय गावच्या खाजगी शाळेत महिन्याला सहा हजार मिळत, तेही सुटले. नवरा योगराज म्हणाला, जा. केवळराम म्हणाले, "तीन लाख जातीन. तेवढ्यात किती खंडी धान येते, माहीत हाय का बाई? अन् शिकवायचं कोनाले? ज्यायले कमी-जास्त समजत नाई, त्यायले."

पदवी घेऊन ती वर्षभर घरीच बसली. मग कंत्राट मिळालं. वीस हजार पगार, दर वर्षी नव्यानं सही, गावोगाव फिरायला पेट्रोल पदरचं. साधं बी.एड. केलेल्या रश्मीचं तोवर घरही बांधून झालं होतं. दर दिवाळीला केवळराम विचारत, "अजून कंत्राटच का?" दुर्पता अनारसे पुढे करायची.

अशाच फिरतीत तिला साक्षी भेटली. बुद्धीनं मागे म्हणून बारा वर्षांची पोर घरीच ठेवलेली. आई जत्रांमध्ये गूळ-नारळ विकायची. दुर्पतानं कपड्यांच्या हँगरला दोन डबे बांधले, त्यात चिचोके घातले. जड कोणतं, हलकं कोणतं, एवढ्यावरच सात महिने गेले. आज जमलेलं उद्या पुसलं जाई. गाडीवरून घरी येताना ती देवाला म्हणे, तिले नाई तर मले तरी अक्कल दे.

एके दिवशी साक्षीनं एक चिचोका काढला, दुसऱ्या डब्यात टाकला, दांडीकडे बघत राहिली, अन् म्हणाली, "बरोबर."

"त्या दिवशी पगार वीसच होता," दुर्पता रश्मीला सांगत होती, "पण भाजीवालीशी घासाघीस नाई केली मी."

डोंगराच्या पायथ्याशी, जत्रेत, केवळराम वाट पाहत उभे होते. समोर तीन लाकडी बल्ल्या रोवून मोठा तराजू टांगला होता. काट्याशी साक्षी उभी होती, आता मोठी, डोक्यावर ओढणी. आई पलीकडे नारळ विकत होती.

दुर्पता पारड्यात बसली. साक्षी दुसरीकडे गुळाच्या भेल्या चढवू लागली. भेल्यांवर भेल्या गेल्या, तरी दुर्पता खालीच.

"सरकारनं लवकर कायम केलं असतं तर गूळ वाचला असता मामाजींचा," रश्मी म्हणाली. रांगेतल्या बाया हसल्या.

आणखी एक भेली चढली. "झालं, झालं. टेकला काटा," केवळराम म्हणाले.

साक्षीनं दांडीकडे पाहिलं. घाई नाही. "नाई आजोबा. कमी हाय."

तिनं अर्धी भेली ठेवली. दुर्पता वर गेली. लगेच त्यातला तुकडा तोडून साक्षीनं मागे घेतला. "हे जास्त होते. तुमचे पैसे जातीन." दांडी हलली, थांबली. "बरोबर."

जन्मभर केवळरामांनी धान विकलं होतं आणि प्रत्येक काट्यावर व्यापाऱ्याच्या बोटाकडे नजर ठेवली होती. जवळ जाऊन त्यांनी दांडी निरखली.

"कोनी शिकवलं वो पोरी तुले?"

साक्षीनं पारड्यात बसलेल्या दुर्पताकडे बोट केलं.

साक्षीच्या आईनं सांगितले तेवढे पैसे त्यांनी दिले, एक रुपया कमी केला नाही. "असा काटा मले जिंदगीत भेटला नाई," ते म्हणाले. मग सुनेला हात देऊन उतरवलं. "हा गूळही पदवीच्या खर्चातच धर बाई. तरी फायद्यात हाय आपन."

वर डोंगरावर महादेवापुढे तुलेचा गूळ वाहिला. तिथल्याच दर्ग्यावरही थोडा ठेवला. प्रसादाचा पहिला खडा केवळरामांनी खाली येऊन साक्षीच्या हातावर ठेवला.

परतताना रश्मी म्हणाली, "हे मी लिहून काढनार हाय."

"लिही," दुर्पता म्हणाली. "फी लिही, घरी बसल्याचं वर्ष लिही, कंत्राटाचा पगार लिही. पोरी विचारायले येतात, त्यायले खरं समजू दे. साक्षीचा काटा तर लिहीच. माझं वजन मात्र लिहू नको वो."