शेवटच्या खांबापाशी निघालेला आकडा

अण्णा गेल्याचं मला दुपारी बाराला पाच कमी असताना कळलं. साडेअकराला ते मीटर घेऊन आले नाहीत, म्हणून बायकोनं मला बघायला पाठवलं, तर त्यांच्या दारात माणसं जमलेली... वायरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून अण्णा रोज शेतातल्या मोटरी चालू असताना गल्लीतल्या घरांतला व्होल्टेज मोजायचे. आम्ही जेवत असलो तरी मिक्सरचा प्लग उपसून मीटरची टोकं खुपसायचे. आकडे मी वहीत लिहायचो.

आमचं गाव पलूसच्या बाजूचं, लाईनीच्या पार टोकाला. वेशीपाशी दोनशे वीस असला तर आमच्याकडे एकशे बहात्तर. मोटरी जळायच्या. गावाला सौर प्रकल्प मिळाला, तेव्हा सरपंचांना तो वेशीजवळ हवा होता, रस्त्यावरून दिसेल असा आणि शेजारच्या गावापेक्षा मोठा. अण्णा ग्रामसभेत म्हणाले, "वेशीपाशी व्होल्टेज पडतच न्हाई, जिथं पडतो तिथंच वीज तयार व्हाया पायजे. आन् पावसात मोटरी बंद असत्यात, तवा एवढी वीज कुठं जाईल? तुमच्या टीव्हीत." सरपंचांनी टीव्ही नवाच घेतला होता. ठरलेला प्रकल्प आकारानं निम्म्यावर आला.

जागा मात्र ठरेना. वहीवरून ती शेवटच्या खांबापाशी निघत होती, आणि तिथला माळ अण्णांच्या धाकट्या भावाचा, तात्यांचा. बांधावरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. अण्णांनी सगळं पुन्हा मोजलं. मग माझी सरासरी तपासली. मग मीटरचा सेल बदलला... आठव्या दिवशी वही मिटून म्हणाले, "आकडा तिथंच जातोय रं. चल माझ्यासंगं."

तात्यांच्या घरात शिरून ते रामराम न करता थेट भिंतीतल्या प्लगकडे गेले आणि म्हणाले, "एकशे एकसष्ट."

"अकरा वर्सांनी आलास, ते हे मोजाया?" तात्यांनी विचारलं.

अण्णा खाली बसले. "तुझा माळ पायजे. गावासाठी."

तात्यांनी आत चहा सांगितला. दुसऱ्या चहापर्यंत माळ मिळाला होता. पुढं तिथं प्रकल्प उभा राहून चालूही झाला. बांधाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही, शेवटपर्यंत.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो. साडेअकराला तात्या आत आले, मिक्सरचा प्लग उपसला आणि अण्णांच्या मीटरची टोकं घातली. "दोनशे सव्वीस. लिव."

मी तारीख, वेळ, आकडा लिहिला. मोजणाऱ्याच्या नावापाशी माझं पेन थांबलं.

"त्याचंच लिव," तात्या म्हणाले. "मी निस्ता धरलाय."