आत्याकडे मागितलेलं नाव

मंठ्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आणि सगळ्यात जास्त काम नावबदलाचं. लग्न झालेल्या पोरी येतात, माहेरचं काढून सासरचं लावायला. नवं नाव विचारलं की एका दमात सांगतात, मी टाइप करते, पाच मिनिटांत त्या मोकळ्या. माझ्या स्वतःच्या अर्जाला मात्र पाच महिने झाले होते. मी पुरुष म्हणून जन्मले, बाई म्हणून जगायचं ठरवलं, आणि त्याचं सरकारी ओळखपत्र मिळतं, त्याचा तो अर्ज. जन्माचं नाव भरलं, पत्ता भरला, फोटो जोडला. नव्या नावाचा रकाना तेवढा कोरा. रोज सकाळी दुकान उघडलं की मी काहीतरी टाइप करायचे, खोडायचे, परत टाइप करायचे, आणि गिऱ्हाईक आलं की सुटल्यासारखी त्याच्याकडे वळायचे.

नावं नव्हती असं नाही. वहीच्या मागच्या पानावर चव्वेचाळीस लिहिली होती. काही मालिकांमधली, काही लग्नपत्रिकांवरची, एक तर मोसंबीच्या रोपवाटिकेच्या पाटीवरचं. पण कुठलंही नाव मला तीन दिवसांच्या वर सोसायचं नाही. पहिल्या दिवशी अंगात भरायचं, दुसऱ्या दिवशी टोचायचं, तिसऱ्या दिवशी मला त्याची लाज वाटायची. शेजारी शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या भाभीलाच तेवढं सगळं माहीत होतं. शटर वर करता करता ती विचारायची, "आज क्या नाम है?" मी सांगितलं की मान हलवायची. "कल वाला अच्छा था. वोइच रख लो ना जल्दी, मेरे कू याद नई रैता." मी तिच्यावर चिडायचे. खरं म्हणजे चीड माझीच मला यायची. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी तडफडले ती हाताशी आली, आणि मी भाजी निवडल्यासारखी नावं निवडत बसले होते.

मग जालन्याच्या दवाखान्यातला प्रकार घडला. अंगावर पुरळ उठलं होतं म्हणून गेले होते. ओढणी घेऊन, केस मोकळे सोडून गेले, कारण जालन्यात मला ओळखणारं कोणी नाही. काउंटरवरच्या पोरीनं नाव विचारलं, मी त्या दिवशीचं सांगितलं आणि बाकावर जाऊन बसले. तासाभरानं तिनं पुकारा केला. कोणी उठेना. तिनं पुन्हा पुकारलं. बाकावरच्या सगळ्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या, तशी मीही बघायला लागले. माझ्या शेजारची म्हणाली, "कोण बाई हाय काय माहीत, ओ बी देईना." मी म्हटलं, "ना!" तिसऱ्या पुकाऱ्याला माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी शरम वाटली की डॉक्टरला न दाखवताच बाहेर पडले आणि मंठ्याची गाडी पकडली.

गाडीत अंग खाजवत मी विचार करत होते. जन्माचं नाव मला कधीच आवडलं नाही, पण त्या नावानं कोणी हाक मारली की झोपेतसुद्धा मी ओ द्यायचे. का? तर ते मला कोणीतरी ठेवलं होतं. आमच्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. वडिलांची बहीण पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्या आत्यानंच माझं पहिलं नाव ठेवलं होतं. आई-वडील दोघंही गेले. माझ्या बापाच्या घरातलं आता ती एकटीच उरली आहे. तिनं नवं नाव ठेवलं तरच ते माझं होईल असं मला पक्कं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. कारण तिनं नाही म्हटलं असतं तर त्या घरात मला मुलगी म्हणणारं कोणीच उरलं नसतं.

आणि तिथंच मला एक भारी कल्पना सुचली. आत्याचं माहेरचं नाव फार सुंदर आहे. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं आणि तेव्हापासून ती त्या दुसऱ्या नावाची झाली. मतदान कार्डावर तेच, बँकेतही तेच. जुन्या नावानं फक्त माझे वडील हाक मारायचे, तेही आता नाहीत. मला वाटलं, एवढं चांगलं नाव नुसतं पडून आहे, तेच मागावं. चव्वेचाळीस नावांवर काट मारली आणि खूप दिवसांनी शांत झोपले.

आत्याचं गाव पिंपळगाव रेणुकाईजवळ. जालना, भोकरदन आणि पुढे काळीपिवळी जीप. मी मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून गेले. जे काय व्हायचं ते दारातच होऊ दे. पोहोचले तेव्हा ती ओसरीवर पोतं पसरून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. मुलगा आणि सून शेतात गेलेले. तिनं मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बस," ती म्हणाली. "मिरचीवर पाय देऊ नको."

मी बसले. तिनं थोड्या मिरच्या माझ्यापुढं लोटल्या, मीही देठ खुडायला लागले. चार-पाच देठ खुडले आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. अर्ज, कोरा रकाना, दवाखाना. ती देठ खुडतच राहिली.

"आल्तं कानावर," ती म्हणाली. "लोकं सांगून राह्यलेत दोन सालापासून. तू सांगशील म्हणून वाट बघून राह्यले व्हते."

इथं माझा जीव भांड्यात पडला आणि मी नको तेवढी धीट झाले. म्हटलं, "आत्या, तुझं माहेरचं नाव मला दे. तसंही ते पडूनच आहे."

तिचे हात थांबले.

"पडून हाय?" ती म्हणाली. "काहून? मी मेले का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवतात. आजा गेला की नातवाला, आजी गेली की नातीला. जित्या माणसाचं नाव कोणी ठेवत नाही, ते त्याला गेल्यात जमा धरल्यासारखं होतं. हे मला सांगायला नको. आजोबाचंच नाव नातवाला असलेले शेकडो अर्ज मी भरले आहेत. पण स्वतःच्या रकान्यापुढं मला दुसरं काही दिसत नव्हतं, आणि मी समोर बसलेल्या म्हातारीला तिच्याच ओसरीवर मारून टाकलं होतं.

"जित्ती हाय मी," तिचा आवाज चढला. "ते नाव माह्या आईनं ठेवलेलं. कार्डावर न्हाई म्हणून काय झालं? न्हाई देणार. बिलकुल न्हाई."

मी माफी मागायला लागले. रडू आलं, आणि मिरचीच्या हातानं डोळे पुसायला गेले. तिनं कोपरानं माझा हात उडवला. "आंधळी व्हशील! बावळट पोरगी." मग स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं, तेही कोपरानंच पदर धरून. पोरगी हा शब्द तिनं किती सहज टाकला! मी आणखीच रडले.

"आपलं नाव आपणच कोण ठेवून घेतं?" ती करवादली. "तो मान माहा हाय. सरक इकडं."

दोन्ही हात मागं धरून ती माझ्या कानाशी वाकली आणि कुर्र केलं. मिरचीच्या खाटानं मला सटकन शिंक आली, त्यामुळं नाव तिला दोनदा सांगावं लागलं. ऐकून माझं तोंड उतरलं. साठीच्या खालच्या कुठल्याही बाईला जालना जिल्ह्यात ते नाव नसेल. चव्वेचाळिसांत ते नव्हतं आणि हजार लिहिली असती तरी आलं नसतं. इथं लिहीत नाही, लिहिलं तर तालुक्यातला शेंबडा पोरही मला ओळखेल. पण दुसऱ्या दिवशी रकान्यात तेच भरलं आणि खोडलं नाही. भाभीनं ऐकून कपाळाला हात लावला.

"आता माह्या पाठीत धपाटा कोण घालणार?" नाव सांगून झाल्यावर ओसरीवर आत्या म्हणाली. "घाल तूच."

मी हळूच हात टेकवला.

"जोरात मार की. बारसं हाय का तेरावं?"

मी जोरात मारला. ती हसली, मी हसले, आणि मग परत आम्ही दोघी मिरच्या खुडत बसलो. चार वाजताची जीप गाठायची म्हणून मी हात धुऊन उठले. तेव्हा ती खाली बघतच म्हणाली, "तुह्या बापामागं मला त्या नावानं हाक मारणारं कोणी राह्यलं न्हाई. जाताना फाटकातून एक मार. आत्याबित्या लावू नको."

थोरल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची म्हणजे जीभ रेटत नाही. फाटकापर्यंत गेले, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग वडील भाऊबीजेला आले की गाडीवरून उतरायच्या आधीच मारायचे, तशी मोठ्यानं हाक मारली.

आत्याच्या मांडीवरच्या मिरच्या सगळ्या ओसरीभर सांडल्या. ती ताडकन उठून उभी राहिली होती.

"ओ!" ती म्हणाली. "आले गं."